‘कंट्री रोड्स’च्या पलीकडे

ट्रेकला गेलात, रात्री शेकोटी पेटली आणि ग्रुपमध्ये एक जरी गिटारवाला असला, की ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ होणारच. कडवी पाठ नसली तरी कोरसला सगळे घसा मोकळा करतात. आपल्यापैकी अनेकांचं कंट्री म्युझिक जॉन डेन्व्हरच्या या एका गाण्यापासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. बाकी मग डोक्यात एक ठरलेलं चित्र असतं. काउबॉय हॅट, घोडा, ट्रक आणि बीअर.

हे चित्र आपोआप तयार झालेलं नाही बरं का! कुठलं गाणं ‘कंट्री’ म्हणून वाजवायचं, हे अमेरिकेत कित्येक वर्षं रेडिओ स्टेशनं आणि रेकॉर्ड कंपन्या ठरवत आल्या. त्यांच्या चौकटीत जे बसलं नाही, ते कितीही चांगलं असलं तरी कोपऱ्यात पडलं. अशा कोपऱ्यातले चार अल्बम आज तुमच्यासाठी काढलेत. जुन्या बाजारात रेकॉर्ड्सचे ढीग उपसायची गरज नाही, फोनवर नाव टाका आणि ऐका.

कलर मी कंट्री : लिंडा मार्टेल (१९७०)

बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ २०२४ मध्ये आला, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला असेल. त्यात मध्येच एका वयस्कर बाईंचा आवाज येतो. त्या लिंडा मार्टेल. नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणजे कंट्रीवाल्यांची पंढरीच. त्या मंचावर १९६९ मध्ये गाणाऱ्या लिंडा या पहिल्या कृष्णवर्णीय सोलो गायिका.

त्यांचा हा अल्बम ऐकताना आधी ‘कलर हिम फादर’ लावा. वडील युद्धात गेलेत, आईने दुसरं लग्न केलंय आणि नव्या बाबांवर ते लेकरू जीव टाकतंय, एवढीच गोष्ट. ‘बॅड केस ऑफ द ब्लूज’मध्ये लिंडाबाई चक्क योडलिंग करतात. किशोरकुमारमुळे आपल्या कानांना ते मुळीच परकं वाटत नाही.

मग माशी कुठे शिंकली? त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचं नावच होतं ‘प्लँटेशन’. ज्या मळ्यांवर कृष्णवर्णीयांना गुलाम म्हणून राबवलं गेलं, त्या मळ्यांचं नाव! कार्यक्रमांत प्रेक्षकांतून वर्णावरून शिव्या यायच्या. पुढे कंपनीशी बिनसलं आणि हा पहिला अल्बमच शेवटचा ठरला. नंतरच्या आयुष्यात त्यांनी रेकॉर्ड्सचं दुकान चालवलं, स्कूल बसही चालवली. बियॉन्सेच्या अल्बममधल्या ‘स्पगेटी’साठी त्यांना ग्रॅमीचं नामांकन मिळालं, तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या.

बिटर टिअर्स : जॉनी कॅश (१९६४)

जॉनी कॅश तर सुपरस्टार, मग तो या यादीत कसा? कारण कॅश म्हटलं की लोकांना १९६८ चा ‘अ‍ॅट फॉल्सम प्रिझन’ आठवतो. त्याच्या चार वर्षं आधी त्याने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर अख्खा अल्बम केला होता, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. आठ गाणी, त्यातली पाच पीटर ला फार्ज या गीतकाराची.

‘द बॅलड ऑफ आयरा हेज’ हे त्यातलं मुख्य गाणं. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर अमेरिकेचा झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यातला एक होता आयरा हेज, अ‍ॅरिझोनातला पिमा जमातीचा तरुण. देशाने त्याला हीरो केलं, मिरवलं आणि विसरून गेला. दारूच्या आहारी गेलेला आयरा १९५५ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी वारला.

अनेक रेडिओ स्टेशनांनी हे गाणं वाजवायला टाळाटाळ केली. कॅश भडकला. त्याने ‘बिलबोर्ड’मध्ये पानभर जाहिरात देऊन रेडिओवाल्यांना त्यांच्या हिमतीबद्दल थेट जाब विचारला. गाणं अखेर कंट्री चार्टवर तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं.

पहिलं गाणंही चुकवू नका. पेनसिल्व्हेनियातल्या किन्झुआ धरणात सेनेका लोकांची जमीन गेली, त्यावर ते आहे. ती जमीन त्यांचीच राहील असा १७९४ चा करार होता, तरीही गेली. कोयना, उजनी किंवा नर्मदेकाठी गाव सोडावं लागलेल्या घरातलं कुणी तुमच्या वर्गात असेल, तर त्याला हे गाणं नक्की ऐकवा. कोरस समजावून सांगावा लागणार नाही.

फेजेस अँड स्टेजेस : विली नेल्सन (१९७४)

ब्रेकअपची प्लेलिस्ट प्रत्येकाकडे असते, पण त्यात एकच बाजू असते. आपली! विली नेल्सनने मोडलेल्या लग्नाच्या दोन्ही बाजू एका रेकॉर्डवर मांडल्या. आई-बाबांच्या कॅसेटला असायच्या तशा साइड ए आणि साइड बी. पहिली बाजू तिची. रोजची धुणीभांडी, घर सोडणं, माहेरी परतणं आणि हळूहळू पुन्हा प्रेमात पडायची भीती. दुसरी बाजू त्याची. विमानातली ती बेचैन सकाळ, रिकामं घर, उशिरा आलेली समज.

यात कुणीच व्हिलन नाही, हे याचं मोठेपण. मधूनमधून एक छोटीशी धून परत येते, अभंगाच्या ध्रुवपदासारखी, आणि सगळी गाणी एका दोऱ्यात ओवते. म्हणूनच हा अल्बम शफलवर लावलात, तर गोष्टच विस्कटते.

त्याच वर्षी अटलांटिक या कंपनीने आपला कंट्री विभाग गुंडाळला, त्यामुळे अल्बमच्या पाठीशी उभं राहायला कुणी उरलं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडून आलेला विलीचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ तुफान चालला आणि हा मागे राहिला.

लॅव्हेंडर कंट्री : लॅव्हेंडर कंट्री (१९७३)

फिडल, पियानो, गिटार. वाजतं अगदी पारंपरिक कंट्रीसारखं. फरक एवढाच, की पुरुषावरच्या प्रेमाची गाणी पुरुष गातोय, तीही कसलाही आडपडदा न ठेवता. पॅट्रिक हॅगर्टी आणि सिअ‍ॅटलमधल्या त्याच्या मित्रांनी केलेला हा उघडपणे गे म्हणता येईल असा पहिला ज्ञात कंट्री अल्बम. तो आला त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत समलैंगिकता हा मानसिक आजार होता. ‘उपचारा’च्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या शॉक ट्रीटमेंटवरही यात गाणं आहे.

कुठली मोठी कंपनी हे छापणार? स्थानिक गे संघटनेच्या मदतीने जेमतेम हजार प्रती निघाल्या, त्या संपल्या आणि विषयही संपला. पॅट्रिक दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. ‘लपूनछपून जगू नकोस’ असं वडिलांनीच आपल्याला बजावलं होतं, हे तो पुढे आवर्जून सांगायचा. त्याने गाणं सोडलं नाही, वृद्धाश्रमांत जाऊन जुनी गाणी म्हणत राहिला. एका छोट्या कंपनीने २०१४ मध्ये अल्बम पुन्हा काढला आणि सत्तरीत पोचलेला पॅट्रिक पुन्हा मंचावर उभा राहिला. २०२२ मध्ये तो गेला. आपल्याकडे कलम ३७७ बद्दलचा निकाल २०१८ चा. म्हणजे हा अल्बम आला त्यानंतर ४५ वर्षांनी.

आता तुमची पाळी

रेडिओ स्टेशनांची ती सत्ता आता राहिली नाही, हे खरं. पण फोनमधलं ‘तुमच्यासाठी’ आहेच की! काल तुम्ही काय ऐकलंत, त्यावरून ते आज काय वाढायचं ते ठरवतं. तुम्ही कधीच ऐकलं नाही, ते तुमच्या ताटात येणार कुठून? ते आपल्यालाच उठून घ्यावं लागतं.

त्यामुळे एक छोटा प्रयोग करून बघा. शफल बंद करा आणि अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐका. एकेक अल्बम साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. पनवेलहून सीएसएमटीला लोकलने जाणाऱ्यांचे एका फेरीत दोन होतील. आवडला, तर ग्रुपवर एकच गाणं टाकू नका, पूर्ण अल्बमची लिंक टाका. आणि सुरुवात लिंडाबाईंपासूनच करा. त्यांनी पुरेशी वाट पाहिलीये.