मोठी चाकं, नवी डिस्क बसवली. पण कॅलिपरचे बोल्ट तपासले का?

लग्नसराई आणि यात्रांचे दिवस आले की पाटण, जावळी, वाई भागात रस्त्यावर एक चित्र हमखास दिसतं. गाडी जुनी जीप, बोलेरो नाहीतर थार. पण खाली रुंद टायर, अलॉय व्हील आणि उंच केलेलं सस्पेन्शन. काहींनी तर पुढे मोठी डिस्क आणि दुसऱ्याच गाडीचा कॅलिपर बसवून घेतलेला असतो. गाडी दिसते झकास. पण माणसं भरून कुंभार्ली किंवा पसरणी घाट उतरताना या सगळ्याचा भार एका चाकाला मोजक्या दोन-चार बोल्टांवर येतो. ते बोल्ट ढिले का होतात आणि होऊ नयेत म्हणून काय करायचं, ते समजून घेऊ.

कॅलिपर म्हणजे नेमकं काय?

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅडने आवळणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. बहुतेक गाड्यांत कॅलिपर एका ब्रॅकेटवर दोन लहान बोल्टांनी धरलेला असतो. ते ब्रॅकेट पुढे दोन मोठ्या बोल्टांनी चाकामागच्या नकलला बसवलेलं असतं.

ब्रेक दाबला की फिरणारी डिस्क कॅलिपरला आपल्याबरोबर ओढून न्यायला बघते. त्याला जागेवर धरून ठेवायचं काम या बोल्टांच्या जोडाचं. यातला एक मोठा बोल्ट गळून पडला तर कॅलिपर दुसऱ्या बोल्टभोवती फिरतो आणि रिमच्या आतल्या बाजूला घासतो किंवा आदळतो. ब्रेकचा होज ताणून तुटू शकतो, ऑइल गळतं, पेडल खाली बसतं. कधी चाकही जाम होतं. घाटाच्या वळणावर असं झालं तर सावरायला वेळ मिळत नाही.

आवळलेला बोल्ट ढिला होतोच कसा?

बोल्ट आवळतो तेव्हा तो केसभर ताणला जातो. ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं, तेच ब्रेकचा झटका झेलतं.

हा दाब कमी पडला की ब्रेकच्या प्रत्येक झटक्याला आणि प्रत्येक खड्ड्यात ते दोन भाग एकमेकांवर किंचित आडवे सरकतात. बोल्टचे आटे म्हणजे गोल गुंडाळलेला उतारच. उतारावर ठेवलेलं भरलेलं पोतं घर्षणामुळे जागेवर राहतं, पण तेच पोतं आडवं हलवत राहिलं तर हळूहळू खाली घसरायला लागतं. बोल्टचंही तसंच होतं. आडवं सरकणं सुरू झालं की बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिलं. अशा आडव्या हालचालीत साधा स्प्रिंग वायसर बोल्टला फारसा धरून ठेवत नाही, हेही अशा चाचण्यांतून समोर आलं. म्हणून ‘स्प्रिंग वायसर टाकलाय, आता काय होत नाय’ या भरवशावर राहू नका.

थोडक्यात, जोड सरकला नाही तर बोल्ट सुटत नाही. पुढचं सगळं काम जोड सरकू नये यासाठीच आहे.

मॉडिफाय केलेल्या गाडीत धोका जास्त का?

• जोड वाढतात. मोठी डिस्क बसवताना कॅलिपर बाहेर घ्यावा लागतो. त्यासाठी मध्ये लोखंडी पट्टीचा अ‍ॅडॉप्टर टाकतात. कंपनीने जिथे एक जोड दिला होता, तिथे आता दोन झाले.

• जोडात रंग राहतो. अ‍ॅडॉप्टर किंवा कॅलिपरला हौसेने लाल-पिवळा रंग मारतात आणि तो बोल्टच्या जागेवरही बसतो. चार वेळा ब्रेक तापला की हा थर दबतो. तो दबला की बोल्टचा ताण गेला.

• बोल्ट भलताच असतो. हार्डवेअरच्या दुकानातला, डोक्यावर काहीच छाप नसलेला बोल्ट इथे चालत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे असतात, ती त्याची ताकद. मूळ बोल्ट १०.९ चा असेल तर त्याजागी ८.८ नको. चमकतो म्हणून स्टीलचा बोल्टही नको. साधारण स्टेनलेस बोल्ट १०.९ पेक्षा बराच कमी ताकदीचा असतो.

• लांबी चुकते. बोल्ट आखूड असेल तर आटे कमी पकडतात. लांब असेल तर तळाला टेकतो, पान्ह्याला घट्ट लागतो, पण जोड दाबलाच जात नाही. शिवाय तो डिस्कला घासण्याची भीती असते.

• भार वाढतो. मोठं, जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. तो सगळा जोर याच बोल्टांवर येतो.

बसवताना काय करायचं?

१. गाडी सपाट जागेवर घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करू नका, खाली मजबूत स्टँड लावाच.

२. दोन भाग जिथे टेकतात ती जागा धातू दिसेपर्यंत साफ करा. रंग, गंज, माती, जुनं ग्रीस काहीही राहायला नको. फट भरायला एकावर एक वायसर रचू नका. फट राहत असेल तर अ‍ॅडॉप्टरच चुकलाय, तो बदलून घ्या.

३. बोल्ट आधी हाताने फिरवून बघा. लोखंडी भागात निदान बोल्टच्या जाडीइतके आटे आत गेले पाहिजेत. अ‍ॅल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट. म्हणजे १२ मिलिमीटरचा बोल्ट लोखंडात किमान १२ मिलिमीटर आत जायला हवा. आटे दीड मिलिमीटरचे असतील तर पूर्ण आठ फेरे झाले. हाताने फिरताना अडकत असेल तर जबरदस्ती करू नका, आटे तपासा.

४. कंपनीच्या पुस्तकात ‘बोल्ट परत वापरू नका’ असं लिहिलं असेल तर नवाच टाका. मान बारीक झालेला, आटे ताणलेला किंवा गंजलेला बोल्ट भंगारातच द्या.

५. आटे कोरडे आणि स्वच्छ करून निळा थ्रेडलॉकर दोन-तीन थेंब लावा. तो पूर्ण सुकायला साधारण २४ तास लागतात, तोवर घाटात जाऊ नका. साधा निळा थ्रेडलॉकर दीडशे ते एकशेऐंशी अंशांच्या आसपास सैल पडू लागतो. घाटात सतत ब्रेक तापणाऱ्या गाडीला जास्त तापमान सोसणारा थ्रेडलॉकर घ्या. मात्र तो लावला म्हणून कमी आवळून चालत नाही. तो मदतनीस आहे, जोड धरायचं काम बोल्टच्या ताणाचंच.

६. टॉर्क पान्हा वापरा. हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा.

‘हाताचा अंदाज’ का चालत नाही?

आवळण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक फुटाच्या पान्ह्याच्या टोकाला १० किलोचा जोर दिला तर साधारण ३० न्यूटन-मीटर होतात. अर्ध्या मीटरच्या दांड्याला २० किलोचा जोर दिला तर जवळपास १००. बऱ्याच गाड्यांत कॅलिपरचे लहान बोल्ट ३० च्या आसपास, तर ब्रॅकेटचे मोठे बोल्ट ८० ते १२० च्या आसपास आवळायचे असतात. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो, म्हणून आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातलाच आकडा धरा. कॅलिपर दुसऱ्या गाडीचा असेल तर किट देणाऱ्याकडून आकडा लिहून घ्या. तो देता येत नसेल तर ते किट घेऊ नका.

पान्ह्याला पाइप लावून अंगाच्या जोराने आवळणं हेही तितकंच वाईट. बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला गेला की आतून कमजोर होतो आणि पुढे कधीतरी तुटतो. आट्यांना तेल-ग्रीस लावून तेवढाच टॉर्क दिला तरी बोल्ट जास्त ताणला जातो. पुस्तकात सांगितलं नसेल तर आट्यांना ग्रीस नको. सरकणाऱ्या पिनांना ब्रेकचं खास ग्रीस लागतं, तो भाग वेगळा.

नेलपॉलिशची एक रेघ

सगळं बसवून झालं की बोल्टच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर नेलपॉलिश किंवा पेंटने एक सरळ रेघ ओढा. बोल्ट थोडा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. अनेक रिममधून ही रेघ चाक न काढताही टॉर्चने दिसते. पहिल्या १०० किलोमीटरनंतर बघा, मग हजार किलोमीटरवर, आणि पुढे दर सर्व्हिसला, तसंच घाटाच्या लांबच्या प्रवासाआधी.

रेघ सरकलेली दिसली तर नुसतं परत आवळून सोडू नका. थ्रेडलॉकरची पकड तोवर तुटलेली असते. बोल्ट काढा, आटे आणि जोड साफ करा, कारण शोधा आणि नव्याने बसवा. तोच बोल्ट पुन्हा सुटत असेल तर चूक बोल्टची नाही, जोडाची आहे.

ही लक्षणं दिसली तर गाडी थांबवा

• गाडी मागे-पुढे घेताना ब्रेक लावला की ‘टक्’ असा एकच आवाज येणं
• ब्रेक लावताना स्टेअरिंग एका बाजूला ओढणं
• चाकातून घासल्यासारखा आवाज किंवा रिमच्या आत ताजा ओरखडा
• पेडल नेहमीपेक्षा खाली जाणं, चाकाच्या आत ओलसर डाग

असं काही दिसलं तर ‘गावापर्यंत जाऊ’ म्हणू नका. गाडी बाजूला घ्या आणि मेस्त्रीला तिथेच बोलवा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ माहितीशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही यावरून वाद निघू शकतो. म्हणून बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. ब्रेक कंपनीने दिलेलेच ठेवणं सगळ्यांत सुरक्षित.

ज्यांच्या गाडीत बदल आधीच झालाय, त्यांनी या आठवड्यात चाकं काढून बोल्टच्या डोक्यावरचे आकडे बघावेत, टॉर्क पान्ह्याने तपासून घ्यावं आणि रेघ ओढून ठेवावी. गॅरेजवाल्याकडे टॉर्क पान्हा आहे का, हे विचारायला लाजू नका. मागे बसलेल्या पोराबाळांचा जीव त्या दोन बोल्टांवर असतो.