स्वाक्षरीची वही

माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. शाळेत असताना आईने घेऊन दिलेली. तिच्यात छोट्या पडद्यावरच्या कलाकारांच्या सह्या आहेत. त्या छंदाविषयी आज थोडं बोलणार आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हा चाळीत एखाद्याच घरी संच असायचा आणि अख्खा मजला तिथे गोळा व्हायचा. नंतर ‘चिमणराव’ ही मालिका आली. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ घरचेच होऊन गेले. सिनेमाचा नट लांबचा वाटे. हे कलाकार मात्र आपल्या खोलीत येऊन बोलून गेलेले असत. भेटावंसं वाटे ते म्हणूनच. आणि भेट अवघडही नव्हती, कारण त्यातले बरेच जण रंगभूमीवर काम करत. प्रयोग संपला की रंगपटाच्या दाराशी थांबायचं. मध्यंतरात त्रास द्यायचा नाही, आधी त्यांना चेहऱ्यावरचा रंग उतरवू द्यायचा, एवढं पथ्य पाळलं की झालं.

पुढे १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ आलं. अरुण गोविल आणि दीपिका चिखलिया दिसले की लोक सही मागायच्या आधी पायाच पडू लागले!

अमेरिकेत या छंदाला वेगळं वळण मिळालं. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका तिथे १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षं चालली. ती बंद पडल्यावर पुनःप्रक्षेपणांमुळे लोकप्रिय झाली आणि जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या चाहत्यांचं मोठं संमेलन भरलं. पुढे अशा संमेलनांत जुने कलाकार टेबल मांडून बसू लागले, पैसे घेऊन सही देऊ लागले. आपल्याला हे खटकतं. पण त्या काळच्या करारांनुसार कलाकारांना ठरावीक पुनःप्रक्षेपणांपुरतंच मानधन मिळे. मालिका वर्षानुवर्षं दाखवली जाई, हाती काही येत नसे. काहींना त्या टेबलाचाच आधार झाला.

आता खऱ्याखोट्याचं. टपालाने आलेली सही कलाकाराचीच असेल असं नाही. कधी ती चिटणीस करतो, कधी फोटोबरोबर छापलेली असते, तर कधी ‘ऑटोपेन’ने केलेली असते. ऑटोपेन म्हणजे साच्याबरहुकूम पेन फिरवणारं यंत्र. कुणीही माणूस दोनदा तंतोतंत एकसारखी सही करत नाही. म्हणून दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडात धराव्यात. रेघ न् रेघ जुळली तर यंत्राची शंका घ्यावी. छापील सहीत भिंगाखाली बहुधा बारीक ठिपके दिसतात.

सही जपणंही सोपं आहे. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, ऊन आणि ओल यांपासून लांब ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तारीख, ठिकाण, कार्यक्रम आणि कलाकाराचं नाव पानाच्या मागे पेन्सिलीने त्याच दिवशी लिहून ठेवावं.

हे मी का सांगतो? माझ्या वहीच्या मधल्या पानावर एक झोकदार सही आहे. ती देताना त्या गृहस्थांनी मला शाळेचं नाव विचारलं, पाठीवर थाप मारली. ती थाप मला आठवते. पण ते गृहस्थ कोण, हे मात्र आठवत नाही. मी नाव लिहिलं नाही आणि सही काही केल्या वाचता येत नाही. आई सोबत होती, तिला ठाऊक असणार. तिला विचारायचं राहून गेलं.

आता मोबाइलमध्ये फोटो निघतो, तारीखही आपोआप नोंदली जाते. तरी त्या दोन मिनिटांत काय बोलणं झालं, ते मोबाइल लिहून ठेवत नाही. तुमच्याकडे अशी एखादी वही असेल, तर आज ती काढा. घरातली वडीलधारी मंडळी शेजारी आहेत तोवर एकेक पान त्यांना दाखवा, आणि ती सांगतील ते लिहून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)