स्पॅनिशमधील ‘आत्मवाचक’ क्रियापदे : रूपे, सर्वनामाचे स्थान आणि अर्थ

१. प्रश्नाचे स्वरूप

स्पॅनिश भाषेच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यापुढे लवकरच क्रियापदांचा एक वेगळा वर्ग येतो. कोशात ही क्रियापदे ‘से’ हा अंश शेवटी जोडून दिलेली असतात. ‘लेबान्तार्से’ म्हणजे उठणे, ‘सेन्तार्से’ म्हणजे बसणे, ‘आकोस्तार्से’ म्हणजे निजावयास जाणे, ‘देस्पेर्तार्से’ म्हणजे जागे होणे. पाठ्यपुस्तके या वर्गास सामान्यतः ‘आत्मवाचक क्रियापदे’ हे नाव देतात व त्यांची रूपावली स्वतंत्र प्रकरणात मांडतात. या मांडणीतून दोन समजुती रूढ होतात. पहिली ही की, या क्रियापदांची रूपे चालविण्याची पद्धती इतर क्रियापदांहून निराळी आहे. दुसरी ही की, ‘से’ म्हणजे मराठीतील ‘स्वतःला’. पहिल्या समजुतीमुळे पाठांतराचा भार निष्कारण दुप्पट होतो, आणि दुसरीमुळे वाक्ये व्याकरणशुद्ध दिसूनही त्यांचा अर्थ हुकतो. म्हणून या दोन्ही समजुती येथे तपासावयाच्या आहेत.

प्रस्तुत लेखात स्पॅनिश शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. ‘व’साठी योजलेल्या रोमन अक्षराचा स्पॅनिश उच्चार ‘ब’च्या जवळचा असल्यामुळे तेथे ‘ब’ लिहिला आहे. स्पॅनिशमध्ये आघात अर्थभेदक असतो. देवनागरीत तो दाखविता येत नसल्याने आवश्यक तेथे शब्दांनी सांगितला आहे.

२. सर्वनामांची मालिका

‘लेबान्तार’ या क्रियापदाची वर्तमानकाळातील रूपे ‘से’सह पुढीलप्रमाणे होतात :

मी : मे लेबान्तो
तू : ते लेबान्तास
तो, ती : से लेबान्ता
आम्ही : नोस लेबान्तामोस
तुम्ही : ओस लेबान्ताइस
ते, त्या : से लेबान्तान

यातील क्रियारूपे ‘आर’कारान्त वर्गाच्या कोणत्याही नियमित क्रियापदाचीच आहेत. नवे आहे ते केवळ सर्वनाम, आणि ते कर्त्याच्या पुरुष-वचनाशी जुळते. अमेरिका खंडातील स्पॅनिशमध्ये अनेकवचनी संबोधनासाठी ‘उस्तेदेस’ हेच सर्वनाम चालत असल्याने ‘ओस’ तेथील व्यवहारातून लुप्त झाले आहे. अर्जेंटिनात ‘तू’च्या स्थानी ‘बोस’ येते. त्याचे क्रियारूप शेवटच्या अक्षरावर आघात घेते, परंतु सर्वनाम ‘ते’ हेच राहते. ‘उस्तेद’ हे आदरार्थी सर्वनाम ‘बुएस्त्रा मेर्थेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या पदसमूहाचा संक्षेप होय. म्हणून समोरच्या व्यक्तीस उद्देशून योजले तरी व्याकरणदृष्ट्या ते तृतीय पुरुषी आहे आणि त्यासोबत ‘से’ येते.

मराठी विद्यार्थ्यास हा पुरुषभेद जड जातो, याचे कारण त्याच्या भाषेत आहे. ‘मी स्वतः’, ‘तू स्वतः’, ‘ते स्वतः’ यांत ‘स्वतः’ बदलत नाही. ऐतिहासिक दृष्टीने पाहता लॅटिन ‘से’ आणि संस्कृत ‘स्व’ ही एकाच इंडो-युरोपीय मुळाची अपत्ये आहेत. संस्कृताने ‘स्व’ तिन्ही पुरुषांस लागू ठेवला, तर लॅटिनने ‘से’ केवळ तृतीय पुरुषापुरते मर्यादित करून इतरत्र ‘मे’, ‘ते’ ही सामान्य सर्वनामेच योजली. स्पॅनिशने हाच वारसा पुढे चालविला. कोशातील ‘से’ हा सर्व पुरुषांचा प्रतिनिधी आहे असे समजून ‘मला उठावयाचे आहे’ या अर्थी ‘क्येरो लेबान्तार्से’ असे म्हणणे, ही चूक त्यामुळे वारंवार होते. शुद्ध रूप ‘क्येरो लेबान्तार्मे’ असेच आहे.

३. स्वार्थातील काळ

स्वार्थात, म्हणजे विधानवाचक रूपांत, सर्वनाम क्रियापदापूर्वी व त्याहून पृथक राहते. साधा भूतकाळ ‘मे लेबान्ते’ (मी उठलो), अपूर्ण भूतकाळ ‘मे लेबान्ताबा’ (मी उठत असे), भविष्यकाळ ‘मे लेबान्तारे’ (मी उठेन), संकेतार्थ ‘मे लेबान्तारिया’ (मी उठलो असतो, उठेन असे म्हणालो) या सर्वांत काळाचा प्रत्यय बदलतो, सर्वनाम मात्र जागचे हलत नाही. आघाताकडे मात्र लक्ष हवे. वर्तमानकाळी ‘मे लेबान्तो’मध्ये आघात ‘बान्’वर आहे. ‘से लेबान्तो’ (तो उठला) या भूतकाळी रूपात तो अंत्य ‘तो’वर जातो. पुरुष आणि काळ या दोहोंचा निर्णय आघात व सर्वनाम मिळून करतात.

संयुक्त काळांत ‘आबेर’ हे सहायक क्रियापद येते : ‘मे ए लेबान्तादो’ (मी उठलो आहे), ‘मे आबिया लेबान्तादो’ (मी उठलो होतो). येथे सर्वनाम सहायक क्रियापदापूर्वी येते. ते भूत कृदंतास जोडता येत नाही. फ्रेंच व इटालियन भाषांत अशा क्रियापदांसाठी ‘असणे’ या अर्थाचे सहायक क्रियापद योजतात, आणि कृदंत बहुधा लिंगवचनानुसार बदलते. स्पॅनिशने ‘आबेर’ सर्वांसाठी एकच ठेवले आणि कृदंत अविकारी केले. म्हणून स्त्रीलिंगी कर्ता असूनही ‘मारिया से आ लेबान्तादो’ असेच म्हणावे लागते, ‘लेबान्तादा’ नव्हे. ‘ती उठली आहे’ असे म्हणण्याची सवय असलेल्या मराठी भाषकाने हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे.

भविष्यकाळाचा इतिहास सर्वनामाच्या स्थानावर प्रकाश टाकतो. ‘लेबान्तारे’ हे रूप ‘लेबान्तार’ या क्रियानामास ‘आबेर’चे वर्तमानकाळी रूप ‘ए’ जोडून सिद्ध झाले आहे. हे दोन घटक एकजीव होण्यापूर्वी मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये सर्वनाम त्यांच्या मध्ये येऊ शके : ‘लेबान्तार-मे ए’. त्या काळी आघातहीन सर्वनामाने वाक्यारंभ करणे निषिद्ध होते. त्यामुळे वाक्याच्या आरंभी क्रियापद आले की सर्वनाम त्याच्या मागे जाई. जुन्या गद्यात आढळणारे ‘लेबान्तोसे’ (तो उठला) हे रूप त्या नियमाचा अवशेष आहे. पोर्तुगीज भाषेच्या औपचारिक लेखनात क्रियानाम व प्रत्यय यांच्या मध्ये सर्वनाम ठेवण्याची रीत अद्याप टिकून आहे. गोव्यातील पोर्तुगीज जाणणाऱ्या वाचकांस ती परिचित असेल. आधुनिक स्पॅनिशमध्ये सर्वनामाचे स्थान वाक्यारंभावर अवलंबून नसून क्रियारूपाच्या प्रकारावर अवलंबून आहे.

४. संभावनार्थ

इच्छा, संशय, विनंती इत्यादी भाव व्यक्त करणाऱ्या गौण वाक्यांत संभावनार्थाची रूपे येतात : ‘मे लेबान्ते’, ‘ते लेबान्तेस’, ‘से लेबान्ते’, ‘नोस लेबान्तेमोस’, ‘ओस लेबान्तेइस’, ‘से लेबान्तेन’. पहिले रूप भूतकाळी ‘मे लेबान्ते’सारखे दिसते, परंतु त्यात आघात ‘बान्’वर असतो. संभावनार्थी भूतकाळाच्या दोन समांतर मालिका आहेत : ‘मे लेबान्तारा’ आणि ‘मे लेबान्तासे’. दुसऱ्या मालिकेतील अंत्य ‘से’ हे आत्मवाचक सर्वनाम नव्हे. तो लॅटिन पूर्णभूतकालीन संभावनार्थाच्या प्रत्ययाचा अवशेष आहे.

मूळ स्वर बदलणाऱ्या क्रियापदांत अर्थ आणि रूप यांची गुंतागुंत वाढते. ‘सेन्तार्से’ (बसणे) आणि ‘सेन्तीर्से’ (वाटणे, अमुक अवस्थेत असल्याचे जाणवणे) या दोहोंचे वर्तमानकाळी प्रथम पुरुषी एकवचन ‘मे स्येन्तो’ असेच होते. तृतीय पुरुषात मात्र ‘से स्येन्ता’ म्हणजे ‘तो बसतो’ आणि ‘से स्येन्ते’ म्हणजे ‘त्याला वाटते’. संभावनार्थात हे स्वर अदलाबदल करतात. बसण्याचे रूप ‘से स्येन्ते’ होते व वाटण्याचे ‘से स्येन्ता’. म्हणून पाहुण्यास ‘बसावे’ असे म्हणताना ‘स्येन्तेसे’ आणि ‘घरच्यासारखे वाटू द्यावे’ असे म्हणताना ‘स्येन्तासे’ म्हणतात. एका स्वराने अर्थ पालटतो. येथे ‘से’ दोन्हीकडे सारखेच आहे, भेद केवळ वर्ग आणि अर्थ ओळखल्यानेच कळतो.

५. आज्ञार्थ, क्रियानाम आणि कृदंत

सर्वनामाचे स्थान खऱ्या अर्थाने बदलते ते आज्ञार्थात. होकारार्थी आज्ञेत ते क्रियापदाच्या शेवटी जोडले जाते : ‘लेबान्ताते’ (ऊठ), ‘लेबान्तेसे’ (उठावे), ‘लेबान्तेन्से’ (आपण सर्वांनी उठावे). सर्वनाम जोडल्याने अक्षरे वाढली तरी आघात मूळ जागीच राहतो, म्हणून स्पॅनिश लेखनात तेथे आघातचिन्ह देतात. अर्जेंटिनातील ‘बोस’च्या रूपात आघात ‘ता’वर असल्याने ते चिन्ह लागत नाही.

जोडणी होताना दोन वर्णलोप होतात. ‘लेबान्तेमोस’ आणि ‘नोस’ यांच्या संधीत ‘स’ गळून ‘लेबान्तेमोनोस’ (आपण उठू या) होते. ‘लेबान्ताद’ आणि ‘ओस’ यांच्या संधीत ‘द’ गळून ‘लेबान्ताओस’ होते. दुसऱ्या नियमास ‘ईर्से’ (निघून जाणे) हा प्रसिद्ध अपवाद असून त्याचे रूप ‘ईदोस’ होते. बोलीत रूढ झालेल्या ‘ईरोस’ या पर्यायासही स्पॅनिश राजकीय अकादमीने २०१७ साली मान्यता दिली.

नकारार्थी आज्ञेत संभावनार्थाची रूपे येतात आणि सर्वनाम पुन्हा पुढे येते : ‘नो ते लेबान्तेस’ (उठू नकोस), ‘नो से लेबान्ते’ (उठू नये).

क्रियानाम आणि वर्तमान कृदंत यांनाही सर्वनाम शेवटी जोडतात : ‘लेबान्तार्मे’, ‘लेबान्तान्दोमे’. मात्र त्यांच्यापूर्वी सहायकासारखे दुसरे क्रियापद असल्यास सर्वनाम त्याच्याही पुढे जाऊ शकते. ‘क्येरो लेबान्तार्मे’ व ‘मे क्येरो लेबान्तार’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध असून अर्थाने समान आहेत. ‘एस्तोय लेबान्तान्दोमे’ व ‘मे एस्तोय लेबान्तान्दो’ यांचेही तसेच. हे स्वातंत्र्य सर्वत्र नाही. ‘उठणे आवश्यक आहे’ या अर्थी ‘एस नेसेसारियो लेबान्तार्से’ असेच म्हणता येते. तेथे ‘से’ वाक्यारंभी नेता येत नाही.

सारांश, स्थानाचा नियम एका वाक्यात सांगता येतो : क्रियापद पुरुष-काळवाचक असेल तर सर्वनाम पुढे, आणि ते होकारार्थी आज्ञा, क्रियानाम अथवा वर्तमान कृदंत असेल तर मागे.

६. ‘से’चा अर्थ आणि मराठी प्रयोजक

आता दुसऱ्या समजुतीकडे वळावयाचे. ‘मे लाबो’ (मी अंग धुतो) यांसारख्या वाक्यांत कर्ता आणि कर्म एकच असतात. तेथे ‘स्वतःला’ या अर्थाचे ‘आ मी मिस्मो’ हे पद जोडता येते. ही खरी आत्मवाचक वाक्ये होत. ‘से एस्क्रीबेन’ (ते एकमेकांना पत्रे लिहितात) यात परस्परभाव आहे. परंतु ‘मे लेबान्तो’चा अर्थ ‘मी स्वतःला उठवितो’ असा नाही. त्याचा अर्थ ‘मी उठतो’ एवढाच आहे.

या ठिकाणी दोन भाषांची घडण परस्परांच्या उलट दिशेने चालते. मराठीत अकर्मक धातू मूळ असतो आणि ‘अव’ प्रत्ययाने त्याचा प्रयोजक बनतो : उठणे–उठवणे, बसणे–बसवणे, निजणे–निजवणे. स्पॅनिशमध्ये सकर्मक क्रियापद मूळ असते आणि ‘से’ने ते अकर्मक होते. ‘लेबान्तार’ म्हणजे उठवणे, ‘सेन्तार’ म्हणजे बसवणे, ‘आकोस्तार’ म्हणजे निजवणे. मराठीचा ‘अव’ कर्ता वाढवितो, तर स्पॅनिशचा ‘से’ कर्म काढून घेतो. म्हणून मराठीतील साध्या धातूला स्पॅनिशमध्ये ‘से’ लागते व मराठी प्रयोजकाला ते लागत नाही. ‘रोम्पेर’ व ‘रोम्पेर्से’ यांचा संबंध फोडणे व फुटणे यांसारखा आहे. फरक इतकाच की, मराठी तेथे धातूचा स्वर व व्यंजन बदलते. आपल्या परंपरेतील आत्मनेपदाशी तुलना करण्याचा मोह येथे स्वाभाविक आहे. परंतु आत्मनेपद प्रत्ययात असते, ‘से’ हे सर्वनाम आहे, आणि म्हणूनच ते जागा बदलू शकते.

काही क्रियापदे ‘से’वाचून आढळतच नाहीत, उदाहरणार्थ ‘आर्रेपेन्तीर्से’ (पश्चात्ताप होणे), ‘आत्रेबेर्से’ (धजणे). इतर काहींत ‘से’ अर्थाला पूर्णतेची छटा देते. तेथे मराठी संयुक्त क्रियापदे समर्पक ठरतात : ‘ईर’ जाणे, ‘ईर्से’ निघून जाणे, ‘दोर्मीर’ झोपणे, ‘दोर्मीर्से’ झोपी जाणे, ‘कोमेर’ खाणे, ‘कोमेर्से’ खाऊन टाकणे. शेवटच्या प्रकारात कर्म निश्चित असावे लागते. आपल्याकडेही ‘त्याने ते सफरचंद खाऊन टाकले’ हे स्वाभाविक वाटते, ‘तो नेहमी फळे खाऊन टाकतो’ यात मात्र निराळाच सूर येतो.

‘से मे कायो एल बासो’ या वाक्याचे ‘माझ्या हातून पेला पडला’ याहून चांगले भाषांतर होणार नाही. ‘से’ घटना आपोआप घडल्याचे सांगते आणि ‘मे’ तिचा संबंध बोलणाऱ्याशी जोडते. यात ‘से’ नेहमी प्रथम येते. ‘मे से’ हा क्रम अशिष्ट मानतात.

शेवटी, ‘से आब्ला एस्पान्योल’ (येथे स्पॅनिश बोलली जाते) यांसारख्या वाक्यांत कर्ता अनिर्दिष्ट असतो. परंतु क्रियापद आधीच ‘से’युक्त असेल तर दुसरे ‘से’ जोडता येत नाही. ‘माणूस लवकर उठतो’ असे सर्वसामान्य विधान करावयाचे असल्यास ‘ऊनो से लेबान्ता तेम्प्रानो’ असे ‘ऊनो’ योजावे लागते.

७. निष्कर्ष

स्पॅनिशमध्ये आत्मवाचक रूपावली अशी स्वतंत्र वस्तू नाही. रूपे नेहमीच्या क्रियापदाचीच असतात. विद्यार्थ्यास नव्याने शिकावयाच्या गोष्टी तीनच आहेत : सर्वनामाचा पुरुष, त्याचे स्थान आणि त्याचे कार्य. १८४७ साली सान्तियागो येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याकरणात आन्द्रेस बेल्यो यांनी खऱ्या आत्मवाचक रचना आणि केवळ तशा दिसणाऱ्या रचना असा भेद केला होता. पुढील स्पॅनिश व्याकरणांत या क्रियापदांस ‘सर्वनामयुक्त’ म्हणण्याची पद्धत आहे. मराठीतील अध्यापनातही हेच नाव स्वीकारावे आणि आरंभीचा पाठ ‘स्वतःला’ या शब्दाऐवजी उठणे–उठवणे या जोडीपासून सुरू करावा, हे अधिक युक्त होय. मराठी प्रयोजकाची जाण असलेल्या विद्यार्थ्यास मग ‘से’चे कार्य परके वाटणार नाही, केवळ त्याची दिशा उलटी आहे, एवढेच त्याला लक्षात ठेवावे लागेल.