अंबर: दुसऱ्यानं ठेवलेलं नाव

आज आपण एका नावाविषयी बोलू. ते नाव आहे अंबर.

अंबर म्हटलं की आपल्याला आभाळ आठवतं. पण हा अंबर शब्द अरबी आहे. देवमाशाच्या पोटात तयार होणारा, अत्तरात वापरायचा एक फार महाग पदार्थ म्हणजे अंबर. सोळाव्या शतकात इथिओपियातल्या, म्हणजे हबसाणातल्या एका मुलाला हे नाव मिळालं. त्याचं घरचं नाव चापू होतं, असं इतिहासकार सांगतात. तो गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती बगदादला पोचला आणि तिथल्या मालकानं त्याचा अंबर केला.

गुलामांना अशीच नावं देत. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन. माणूसच विकायचा, मग नावही मोलाच्या वस्तूचं. घरचं नाव मागंच राही.

पुढं दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं अंबरला विकत घेतलं. हा पेशवाही एकेकाळचा हबशी गुलाम. तो वारल्यावर त्याच्या पत्नीनं अंबरला मोकळं केलं. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, तरी याच मलिक अंबरनं निजामशाही सावरून धरली. काही काळ तिची राजधानी आपलं जुन्नर होती. त्यानंच खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं आणि तिथं जमिनीखालून नहरीनं पाणी आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

हे नाव त्याच्या एकट्याचं नव्हतं. जंजिऱ्याच्या सिद्दी सत्ताधीशांतही एक अंबर होऊन गेला.

आता आजचा इथिओपिया पाहू. तिथं आपल्यासारखं आडनाव नसतं. स्वतःचं नाव आणि पुढं वडिलांचं. लग्न झालं तरी बाईचं नाव तेच राहतं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर शर्यतीत सुवर्णपदक जिंकणारी देरार्तू तुलू घ्या. देरार्तू तिचं नाव, तुलू वडिलांचं.

आपल्याकडं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. हौस असेल तर जरूर लिहावं. पण लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. बदललं तर मात्र सगळीकडं बदलावं लागतं. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, सातबाऱ्यावर तिसरंच, असं झालं की कर्ज अडतं, वारसनोंद अडते. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जपून ठेवा.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे. जन्माची नोंद करताना आपलं नाव नीट लिहिलं आहे ना, ते स्वतः वाचून घ्या.

चापूला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारता येतं, सांगताही येतं. गटाच्या पुढच्या बैठकीला आपापले कागद घेऊन या आणि एकमेकींची नावं ताडून पाहा.