वीतभर, मग चार बोटं

मोनॅकोची शर्यत पाहायची तर गाड्यांआधी भिंती पाहाव्यात. 1929 पासून ती रोजच्या वापरातल्या रस्त्यांवरच होते. सहा-एक आठवडे आधीपासून कामगार लोखंडी पट्ट्यांचे कठडे उभारायला लागतात, त्यावर जाळ्या चढतात, बंदराच्या काठाशी प्रेक्षकांसाठी मचाणं लागतात. गटारांची झाकणं वेल्डिंग करून पक्की केली जातात. फॉर्म्युला वनच्या या गाड्यांच्या पोटाखाली हवेचा दाब इतका घटतो की सैल झाकण उचललं जातं. 2016 च्या सरावात असंच एक झाकण जेन्सन बटनच्या मॅकलारेनवर आदळलं होतं.

सरावाला मी ताबाक वळणाजवळ जाळीमागे उभा होतो. बंदराला खेटून जाणारं डावं वळण, कानात बोळे घातले तरी छातीत घुमणारा आवाज. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाडी कठड्यापासून हातभर लांबून जात होती. रस्त्यावर जसजसं रबर बसत गेलं तसतसं ते अंतर वीतभर झालं, मग चार बोटं. पुढे मागचं चाक कठड्याला चक्क चाटून गेलं आणि टायरच्या कडेवरची रंगीत अक्षरं पुसली गेली. हे धाडस नव्हे, हिशेब आहे. तेवढी जागा सोडली तर वेळ जातो, आणि आणखी बोटभर घेतली तर चाक निखळतं. मग केशरी कपड्यांतले मार्शल धावतात, पिवळे झेंडे हलतात, आणि कठड्यापलीकडची क्रेन गाडी अलगद उचलून घेते. या मार्शलांची चपळाई तासभर पाहत राहावी अशी.

खरी शर्यत शनिवारीच, म्हणजे पात्रता फेरीत होते, असं माझं मत. 1988 मध्ये सेन्नानं तिथे संघातल्याच साथीदाराला, प्रॉस्टला, जवळपास दीड सेकंदानं मागे टाकलं. प्रॉस्टच्याही हातात तशीच गाडी होती! रविवारी भलीमोठी आघाडी असताना पोर्तिएच्या वळणावर सेन्ना कठड्यात गेला आणि प्रॉस्ट जिंकला. रविवारी एरवी असं फारसं घडत नाही. 3.337 किलोमीटरच्या 78 फेऱ्या, आणि ओलांडायला जागाच नाही. 2024 मध्ये पहिले दहाजण ज्या क्रमानं सुटले त्याच क्रमानं पोचले. घरचा लक्लेर जिंकला म्हणून गावात जल्लोष झाला, एवढंच.

यावर उपाय म्हणून 2025 मध्ये दोनदा टायर बदलण्याची सक्ती झाली. काही संघांनी लगेच तोड काढली. एका चालकानं मुद्दाम रेंगाळायचं, मागची रांग अडवून धरायची, म्हणजे पुढच्या साथीदाराला टायर बदलायला उसंत मिळे. मागचे वैतागून रेडिओवर तक्रारी करत राहिले. त्यांच्या गाड्यांना हॉर्नही नसतो.