एक रुग्ण, अनेक परिषदा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांच्या खुर्चीमागे भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. त्यावर एक नोंदणी क्रमांक असतो. तो क्वचितच कोणी वाचतो. पण डॉक्टरांना औषध लिहून देण्याचा अधिकार मिळतो तो त्या क्रमांकामुळे. नुसती पदवी पुरत नाही. हा क्रमांक देते ती वैद्यक परिषद. मुंबई इलाख्यात 1912 साली वैद्यक कायदा झाला आणि डॉक्टरांची अधिकृत नोंदवही ठेवण्याची पद्धत सुरू झाली. आजची महाराष्ट्र वैद्यक परिषद 1965 च्या कायद्यानुसार चालते.

परिषद म्हणजे डॉक्टरांची संघटना नव्हे. हा गोंधळ फार जणांचा होतो. संघटना सभासदांचे हित पाहते. परिषदेने लोकांचे हित पाहायचे असते. कोणाला व्यवसाय करू द्यायचा, कोणाचा परवाना थांबवायचा, हे ठरवणे तिचे काम. डॉक्टरांखेरीज परिचारिका, औषधविक्रेते, दंतवैद्य, वैद्य, होमिओपॅथ, फिजिओथेरपिस्ट अशा प्रत्येकाची परिषद वेगळी आणि कायदाही वेगळा. या परिषदांनी एकत्र बसून पुढच्या पाच-दहा वर्षांची आखणी करावी काय, हा आजचा विषय आहे. विषय कार्यालयीन वाटेल, पण त्याची झळ डहाणू-तलासरीच्या पाड्यांपर्यंत पोहोचते.

समजा, तलासरी तालुक्यात उधव्याजवळच्या एखाद्या पाड्यावरची बाई तापाने आजारी पडली. आधी भगत झाला. मग बाजाराच्या गावातल्या खासगी डॉक्टरांकडे नेले. आदिवासी तालुक्यांत असे डॉक्टर बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. आणि ते नसते तर कित्येक गावांत कोणीच नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इंजेक्शन दिले ते मदतनीस मुलीने. गोळ्या मेडिकलमधून आणल्या. रक्त तपासले एका प्रयोगशाळेत. उतार पडेना, तेव्हा जीप करून सेल्वासला किंवा वापीला नेले, कारण तलासरीकरांना मुंबईपेक्षा तीच गावे जवळची. आता इंजेक्शनच्या जागी गळू झाले आणि घरच्यांना दाद मागायची आहे. त्यांनी जायचे कोणाकडे?

डॉक्टर वैद्य असतील तर महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषद, होमिओपॅथ असतील तर होमिओपॅथी परिषद. मदतनीस मुलगी शिकलेली परिचारिका असेल तर परिचर्या परिषद, नसेल तर ती कोणत्याच वहीत नाही. औषधविक्रेत्याची नोंद फार्मसी परिषदेकडे, पण दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडे. डॉक्टरच बोगस निघाला तर तो परिषदेच्या हाताबाहेर, कारण जो वहीत नाही त्याचे नाव खोडणार कसे? तिथे पोलीस आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती. या साऱ्या परिषदांची कार्यालये मुंबईत. डहाणूहून 2013 पासून लोकल आहे, ही सोय झाली खरी. पण तलासरी गाव महामार्गावर आहे, रेल्वेवर नाही. आणि एका दिवसाचा रोज बुडवून मुंबईला जायचे, तर आपण योग्य दारात उभे आहोत याची तरी खात्री हवी!

त्यात सरहद्दीची गुंतागुंत. डॉक्टर देशात कोठेही व्यवसाय करू शकतो, पण त्याच्याविरुद्धची तक्रार ज्या राज्यात त्याची नोंदणी आहे त्या परिषदेकडे जाते. वापीच्या डॉक्टरची नोंदणी गुजरातेत असणार. अर्ज कोणत्या भाषेत लिहायचा, इथपासून प्रश्न.

ऑस्ट्रेलियात असाच घोळ होता. राज्याराज्यांची आणि व्यवसायाव्यवसायांची मिळून ऐंशीहून अधिक नियामक मंडळे होती. ऑलबरी आणि वोडोंगा ही नदीच्या दोन काठांवरची जोडगावे, पण राज्ये दोन. 2010 साली त्या देशाने दहा आरोग्य व्यवसायांसाठी एकच राष्ट्रीय व्यवस्था आणली. प्रत्येक व्यवसायाचे मंडळ वेगळेच राहिले, कारण दातांचे काम दंतवैद्यालाच कळणार. पण नोंदवही पाहण्याची जागा आणि कचेरी एक झाली. आपल्याकडे हे जसेच्या तसे होईल असे मी म्हणत नाही. मंडळे न मोडताही दार एक करता येते, एवढेच त्यातून घेण्यासारखे आहे.

खरी अडचण मात्र दाराची नाही, हद्दीची आहे. 2014 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली. वाद उच्च न्यायालयात गेला. 2025 साली अशा डॉक्टरांची नोंद वैद्यक परिषदेत घेण्याचा निर्णय झाला, मग तो थांबला, मग पुन्हा सरकारी आदेश निघाला, आणि 18 सप्टेंबर रोजी ॲलोपॅथी डॉक्टरांनी राज्यभर काम बंद ठेवले. होमिओपॅथ म्हणतात, खेड्यात आम्हीच आहोत. ॲलोपॅथ म्हणतात, एका वर्षात साडेपाच वर्षांचे ज्ञान येत नाही. माझ्या मते दोघांचेही खरे आहे. म्हणूनच हा निवाडा मोर्चाने किंवा रातोरात निघालेल्या आदेशाने होऊ नये. अकरा वर्षे मधे गेली. दोन्ही परिषदांनी एका टेबलाशी बसून कोणती औषधे, कोणत्या आजारात, कोणाच्या देखरेखीखाली आणि चुकल्यास जबाब कोणाला, हे लिहून काढायला तेवढा काळ पुरेसा होता.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने 1991 च्या कायद्यात एक निराळी युक्ती केली. ‘वैद्यकी म्हणजे काय’ याची व्याख्या करत बसण्याऐवजी त्यांनी धोक्याच्या कृतींची यादी केली. त्वचेखाली छेद घेणे, इंजेक्शन देणे, निदान सांगणे, बाळंतपण करणे, अशा डझनभराहून थोड्या अधिक कृती. त्यांतली कोणती कोणत्या व्यवसायाने करायची, एवढेच कायद्याने बांधले. तसे केले की भांडण पॅथीवरून उतरून कामावर येते. आपल्याकडे उधव्याच्या त्या बाईला पॅथीशी कर्तव्य नाही. सुई कोणाच्या हातात होती, याच्याशी आहे.

एकत्र बसण्याची कल्पना आपल्या कायद्याला अगदीच अपरिचित नाही. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात तिन्ही वैद्यकशाखांच्या केंद्रीय संस्थांची वर्षातून किमान एक संयुक्त बैठक सांगितली आहे. 2021 च्या कायद्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञांसह पन्नासहून अधिक सहायक व्यवसाय एका आयोगाखाली आणले. पण बैठक म्हणजे नियोजन नव्हे. नियोजनात आधी आकडे लागतात. तलासरी तालुक्यात नोंदणीकृत परिचारिका किती, औषधविक्रेते किती, आणि त्यांतले प्रत्यक्ष तिथे राहून काम करणारे किती? जुन्या नोंदवह्यांत दिवंगतांची आणि परदेशी गेलेल्यांचीही नावे राहून जातात. वह्या स्वच्छ करणे हे पहिल्या वर्षाचे काम. पैशाचाही विचार हवा, कारण परिषदा प्रामुख्याने सदस्यांच्या शुल्कावर चालतात आणि त्या शुल्कातून तलासरीला तक्रार-शिबिर घ्यायला सदस्य सहजी कबूल होणार नाहीत. शिवाय निवडणूक लांबली की प्रशासक येतो, आणि प्रशासक पाच वर्षांची आखणी कशाला करील?

डहाणूने असे एक टेबल पाहिले आहे, वेगळ्या विषयाचे. 1991 साली हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, 2019 साली निधन होईपर्यंत. निरनिराळ्या शास्त्रांचे जाणकार एकत्र बसत आणि स्थानिक माणूस येऊन समोर बोलू शके. 1998 साली त्यांनी वाढवण बंदराला नकार दिला. 2023 साली त्याच प्राधिकरणाने अटींसह संमती दिली, आणि त्यावर मच्छीमार आजही नाराज आहेत. निर्णय पटो न पटो, कोणाकडे जायचे हे बंदरपट्टीतल्या कोळ्याला आणि चिकूबागायतदाराला ठाऊक होते.

परिषदांचे टेबल भरेपर्यंत हाती काय आहे? 2002 चे वैद्यक आचारनियम. 2023 साली त्यांच्या जागी नवे आले होते, पण ते त्याच महिन्यात स्थगित होऊन जुनेच पुन्हा लागू झाले. त्यांनुसार ॲलोपॅथी डॉक्टरने चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवर आपला नोंदणी क्रमांक लिहायचा असतो. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या नातेवाइकाने उपचारांची कागदपत्रे मागितली तर ती 72 तासांत द्यायची असतात. मागणी लेखी करावी आणि त्याची पोच घ्यावी. सेल्वास-वापीच्या रुग्णालयांतील ॲलोपॅथी डॉक्टरांनाही हाच नियम आहे.