मेंढ्यांची गणना आणि बाजारभाव

भारतात पशुगणनेस १९१९ साली आरंभ झाला. २०१९ साली झालेल्या विसाव्या गणनेत देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या आढळल्या. कर बसेल किंवा दृष्ट लागेल या भीतीने काही मेंढपाळ कळपाचा आकडा कमी सांगतात. त्यांत नुकसान त्यांचेच होते. कारण आंत्रविषार व पीपीआर या रोगांवरील लस किती लागेल, याचा अंदाज या आकड्यांवरूनच बांधला जातो.

जी गोष्ट गणनेची, तीच बाजारभावाची. लोणंदसारख्या बाजारांत कोकराचे वजन नजरेने ठरविले, तर व्यापाऱ्याचा फायदा होतो. समजा, २५ किलोचे कोकरू २२ किलोचे मानले गेले व जिवंत वजनाचा भाव किलोस ४०० रुपये असला, तर एका कोकरामागे १,२०० रुपये बुडतात.

यास्तव प्रत्येक वाड्यावर एक ताणकाटा व एक वही ठेवावी. बाजारास गेलेल्याने तारीख, वजन व मिळालेला भाव वहीत टिपावा आणि परतल्यावर इतरांस सांगावा. बकरी ईदपूर्वी नरांस मागणी वाढते, तेव्हा ही नोंद विशेष उपयोगी पडते. चालू भाव ठाऊक असलेला मेंढपाळच कमी किमतीस नकार देऊ शकतो.